वाळलेल्या पानांची साक्ष



आजचा विषय आहे नत्र, म्हणजेच नायट्रोजन. शेतीशी संबंध असलेल्यांना हा शब्द खताच्या गोणीवरून ओळखीचा आहे. हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवणारा पहिला मोठा कारखाना १९१३ साली जर्मनीत ओपाऊ इथे सुरू झाला. तेव्हापासून माणसाने जमिनीत इतकं नत्र ओतलंय की नद्या, तळी आणि समुद्रकिनारे त्याने बिघडू लागले. त्यामुळे नत्र जास्त झालंय, हेच आपण ऐकत आलो. ते खरंही आहे. पण जिथे गोणी पोचत नाही, अशा माळरानांवर आणि जंगलांत बऱ्याच ठिकाणी उलटं घडतंय. तिथल्या झाडाझुडपांना नत्र अपुरं पडू लागलंय.

हे कळलं कसं? शंभर वर्षांपूर्वी रानातल्या मातीचं नत्र कोणी मोजत बसलं नव्हतं. पण त्या काळची पानं मात्र जपून ठेवलेली आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ रोपं दाबून वाळवतात, कागदावर चिकटवतात आणि खाली लिहितात: नाव, गाव, तारीख. अशा संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातले असे ५४५ नमुने संशोधकांनी तपासले. २४ जातींचे, १८७६ ते २००८ या काळातले. प्रत्येक नमुन्यातून पानाचा छोटासा तुकडा पुरला.

फौजेत आम्हाला शिकवलं होतं की एकाच बातमीवर विसंबू नका, दुसऱ्या वाटेने खात्री करा. इथेही दोन मोजमापं घेतली. पहिलं सरळ आहे: पानात नत्र किती? ते काळाबरोबर घटत गेलेलं दिसलं.

दुसरं जरा खोलातलं आहे. नत्राचे अणू दोन प्रकारचे असतात, हलके आणि किंचित जड. जड अणू हजारात चारही नसतात. मातीत नत्र मुबलक असलं की ते गळतं. काही पाण्याबरोबर वाहून जातं, काही वायू होऊन उडतं. या गळतीत हलके अणू आधी निसटतात आणि मागे जड अणूंचं प्रमाण वाढतं. तेच मुळांवाटे पानात उतरतं. टंचाई असली की गळती थांबते आणि पानात जड अणू कमी सापडतात. कॅन्ससच्या पानांत ते कमी होत गेले होते. आता कोणी म्हणेल, धुरातून आलेल्या नत्रामुळेही हे प्रमाण बदलू शकतं. बरोबर. पण तसं असतं तर पानातलं एकूण नत्र वाढायला हवं होतं, आणि ते तर घटलं होतं.

याचं एक मोठं कारण म्हणजे हवेतला कर्बवायू. कारखाने येण्याआधी तो दहा लाख भागांत २८० होता, आज ४२० च्या वर आहे. झाडांना कर्ब भरपूर मिळतो, ती जोमाने वाढतात, पण मातीतून येणारं नत्र त्या वेगाने वाढत नाही. ताटात भात दुप्पट झाला आणि वरण तेवढंच राहिलं, तसं. गवत हिरवंगार दिसतं, पण त्यातला कस गेलेला असतो.

हा कस म्हणजे प्रथिनं, आणि प्रथिनं नत्राशिवाय बनत नाहीत. गोल्डनरॉड या अमेरिकन रानफुलाचे १८४२ पासूनचे जुने नमुने तपासले, तेव्हा परागकणांतली प्रथिनं सुमारे एक तृतीयांशाने घटलेली आढळली. हिवाळ्याच्या तोंडावर मधमाश्यांचा मोठा आधार हेच फूल असतं. कॅन्ससच्याच कोन्झा माळरानावर गवत वाढलं, त्यातलं नत्र घटलं, आणि त्यावर जगणारे नाकतोडे वीस वर्षं दरसाल दोन टक्क्यांहून अधिक कमी होत गेले. नाकतोड्यांचं जे झालं, ते नुसत्या रानगवतावर जगणाऱ्या गुरामेंढरांनाही चुकणार नाही. चारा पोटभर मिळेल, पण अंगी लागणार नाही.

आपल्याकडे काय? कोलकात्याजवळ शिबपूरचं वनस्पती उद्यान १७८७ साली कर्नल रॉबर्ट किड या कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्याने उभं केलं. तिथल्या केंद्रीय हर्बेरियममध्ये सुमारे २० लाख नमुने आहेत. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर यांच्या नावाचा संग्रह आहे. याशिवाय देशभरातल्या कितीतरी महाविद्यालयांच्या कपाटांत अशी बाडं पडून असतात. वाळवी लागली, ओल आली, किंवा जागा हवी म्हणून ती रद्दीत गेली, की तो पुरावा कायमचा गेला. १९२० सालचं पान आज कुठल्याही रानातून तोडून आणता येत नाही.

म्हणून तुमच्या ओळखीत असं कपाट असेल तर चौकशी करा. कागद जपा, आणि त्यावरची तारीख व गाव तर नक्की जपा. ती चिठ्ठी गेली की उरतो तो नुसता पाचोळा.

जय हिंद.