कान तपासणाऱ्याचा नोंदणी क्रमांक

मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावात कमी ऐकू येणं हा दवाखान्यात नेण्याचा आजार मानला जात नाही. वय झालं, असं म्हणून घर त्याच्याशी जुळवून घेतं आणि आजोबांशी मोठ्याने बोलू लागतं. मग एखाद्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो: मोफत कर्णतपासणी, कानाची मशीन निम्म्या किमतीत. पांढरा कोट घातलेला माणूस कानात बॅटरी मारून पाहतो, हेडफोन लावतो आणि थोड्या वेळात मशीन कानावर चढते. हा माणूस कोण, हे काम करायचा अधिकार त्याला कोणी दिला, हे विचारायचं असतं हेच अनेकांना ठाऊक नसतं. विचारणाऱ्यांचंही बऱ्याचदा चुकीच्या उत्तरावर समाधान होतं.

सगळ्यात जास्त फसवणारं उत्तर म्हणजे भिंतीवरचा फ्रेम केलेला कागद. ‘आमच्याकडे लायसन्स आहे’ म्हणत दाखवला जाणारा हा कागद पुष्कळदा गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा कागद, असतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 प्रमाणे थोडेच कामगार असलेल्या दुकानाने फक्त व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यायची असते. त्या सूचनेच्या पावतीवरून दुकान आहे एवढंच कळतं. मालक काय शिकला, कान तपासायची त्याची पात्रता आहे का, याच्याशी तिचा काहीएक संबंध नाही. उद्यम नोंदणीचं आणि जीएसटी क्रमांकाचंही तसंच. कंपनीचं ‘अधिकृत विक्रेता’ हे प्रमाणपत्र तर कंपनीनेच दिलेलं असतं.

दुसरा समज असा की कान तपासायचा परवाना राज्य सरकार देतं. असं वाटणं साहजिक आहे. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे, परिचारिकांची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे. फिजिओथेरपिस्टसाठीही 2002 चा राज्याचा कायदा आहे. ऐकणं तपासणारे ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांची नोंदणी मात्र केंद्राकडे होते. भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम संसदेने 1992 मध्ये केला आणि परिषदेला 1993 मध्ये वैधानिक दर्जा मिळाला. लोक तिला आरसीआय म्हणतात. मान्यताप्राप्त शिक्षण घेतलेल्या व्यक्तीचं नाव या परिषदेच्या केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत चढतं आणि तिला एक क्रमांक मिळतो. विचारायचा तो हाच क्रमांक.

तो देशभर चालतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा असतो. एका राज्यातला ऑडिओलॉजिस्ट दुसऱ्या राज्यात गेला की सहसा तिथला परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे तसं नाही. भंडारा जिल्ह्याला मध्य प्रदेशचा बालाघाट लागून आहे, पेशंट इकडून तिकडे जातात आणि व्यवसाय करणारेही येतात. बालाघाटहून आलेल्या ऑडिओलॉजिस्टचं नाव नोंदवहीत असेल तर तुमसरला बसण्यात कायद्याची काही आडकाठी नाही. नाव नसेल तर तो आपल्या गावचा, ओळखीचा असला तरी त्याला हा अधिकार नाही. नोंदणी एकदा झाली की कायमची, असंही नाही. ठरावीक मुदतीने नूतनीकरण असतं आणि त्यासाठी प्रशिक्षणाचे गुण मिळवावे लागतात. म्हणून क्रमांकाबरोबर मुदतही पाहावी. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला सांगितलं तर तो मोबाइलवर बघून देईल.

या क्रमांकामागे शिक्षण किती असतं? ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीची पदवी चार वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयात हे शिक्षण मिळतं. तसंच ते वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही मिळतं. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांच्या नावाची ही संस्था 1983 मध्ये स्थापन झाली. एक वर्षाचे डिप्लोमाही असतात. ते केलेली माणसं उपयोगाची असतात. कानाचा साचा घेणं, मशीन दुरुस्त करणं, तपासणीत मदत करणं हे त्यांचं शिकलेलं काम. पण डिप्लोमावाल्याने निदान करून स्वतःच्या भरवशावर दवाखाना चालवणं हे त्या शिक्षणात बसत नाही. आणि कंपनीच्या काही दिवसांच्या ट्रेनिंगवर मशीन विकणारा सेल्समन यापैकी कोणीच नव्हे.

‘हेडफोन लावून तपासलं की, मग अजून काय हवं?’ या प्रश्नापाशी जरा थांबायला हवं, कारण पात्रतेचा फरक इथेच दिसतो. नीट केलेल्या तपासणीनंतर ऑडिओग्राम हातात येतो. त्यावर आडव्या रेषेत आवाजाची पट्टी 250 पासून 8000 हर्ट्झपर्यंत आणि उभ्या रेषेत डेसिबल. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. हेडफोनची तपासणी झाली की कानामागच्या हाडावर एक लहान कंपक टेकवून तीच तपासणी पुन्हा होते. हाडावाटे आवाज चांगला पोहोचतो पण कानावाटे पोहोचत नाही, असं दिसलं तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो: मळ साचलेला, पडद्याला भोक पडलेलं, आत पू झालेला. अशा माणसाला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवायला हवं. त्याच्या कानात घाईने मशीन बसवली तर पैसे जातात आणि दुखणं आत वाढत राहतं. पंखा गरगरतोय, माइकवर नावं पुकारली जातायत, अशा मंडपात नुसत्या हेडफोनवर झालेल्या तपासणीचा आकडा मला भरवशाचा वाटत नाही. त्या आकड्यावर बसवलेली मशीन नंतर कपाटात पडून राहते आणि ‘मशीनचा काही उपयोग नाही’ ही समजूत तेवढी गावभर पसरते.

यावरून सगळीच शिबिरं वाईट असं कोणी समजू नये. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्रं खरोखर मिळतात आणि गरजूंनी ती घ्यावीत. शिबिरातही प्रश्न तोच विचारायचा: तपासणाऱ्याचा नोंदणी क्रमांक काय?

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे. ऑडिओलॉजिस्ट म्हणजे कानाचा डॉक्टर, असं समजून लोक त्याच्याकडे कानात टाकायचं औषध मागतात. औषध आणि शस्त्रक्रिया हे वैद्यकीय परिषदेकडे नोंदलेल्या डॉक्टरचं काम. दिव्यांग प्रमाणपत्रही खासगी दवाखान्यातल्या ऑडिओलॉजिस्टच्या सहीने होत नाही. त्याचा ऑडिओग्राम लागतो, पण प्रमाणपत्र सरकारने नेमलेला वैद्यकीय प्राधिकारीच देतो.

लहान मुलांच्या बाबतीत चुकीचा सल्ला जास्त महाग पडतो. ‘मामाही उशिराच बोलला होता’ हे वाक्य प्रत्येक घरात तयार असतं, आणि त्याच्या जोडीला ‘स्पीच थेरपी’ची पाटी लावून बसलेला कोणीतरी नोंदणी नसलेला माणूस. बाळाचं ऐकणं पहिल्या महिन्यात तपासावं, दोष असेल तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत, हे जगभर मान्य झालेलं वेळापत्रक आहे. ऐकू न आल्यामुळे न बोलणाऱ्या मुलाकडून आरशासमोर ‘आ-ई’ म्हणवून घेण्यात वर्ष गेलं, तर भाषा शिकण्याचं सगळ्यात चांगलं वय हातचं निघून जातं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. शंका असेल तर आईने त्या दिवशी अंगणवाडीताईंकडे नाव द्यावं. पथक येईपर्यंत दम धरवत नसेल तर मूल सरळ भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात न्यावं.

शेवटचा गैरसमज हा की नोंदणी नसली तरी काही बिघडत नाही. पात्रता आणि नोंदणी नसताना हा व्यवसाय करणं 1992 च्या कायद्याच्या कलम 13 खाली गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपयांत आज चांगली कानाची मशीनही येत नाही. हा दंड फार पूर्वीच वाढायला हवा होता. शिवाय गुन्ह्याची दखल न्यायालय परिषदेने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या लेखी तक्रारीवरूनच घेतं. म्हणून नुसतं पोलीस ठाण्यात सांगून भागत नाही, परिषदेला दिल्लीच्या पत्त्यावर लेखी कळवावं लागतं. त्या लेखी तक्रारीसोबत मशीनचं बिल, तपासणीचा कागद आणि दुकानाच्या पाटीचा फोटो जोडावा. म्हणून मशीन घेताना पक्कं बिल मागून घ्यावं आणि त्यावर तपासणाऱ्याचं नाव व नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा.