वजन कमी करायचंय, पण उपाशी राहून नाही



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली आणि कर्जमागणीचा विषय निघाला. एका ताईंना दोन हजार रुपये पाहिजे होते. कशासाठी विचारलं तर त्या लाजल्या. शेवटी शेजारच्या ताईंनीच सांगून टाकलं, "वजन कमी करायची पावडर आणायची तिले."

या ताईंचा तपासणीत बीपी जास्त निघाला होता आणि वजन कमी करायचा सल्ला मिळाला होता. सल्ला बरोबरच होता. त्यांनी काय केलं, तर सकाळची भाकरी बंद केली. चहा आणि 'डाएट' लिहिलेली चार-पाच बिस्किटं खायची आणि कापूस वेचायला जायचं. आठ दिवसांत वावरात चक्कर आली. आता भाकरीऐवजी पावडर घ्यावी, असं कोणीतरी सांगितलं होतं.

मला हसू आलं नाही, कारण कॉलेजला असताना मीही हेच केलं होतं. होस्टेलवर भाकरी-पोळी सोडून पुड्यातली बिस्किटं आणि खोक्यातला ज्यूस यांवर दोन महिने काढले. वजन थोडं उतरलं, केस गळले, अशक्तपणा आला, आणि सुट्टीत घरी गेल्यावर वजन पुन्हा होतं तिथेच आलं. म्हणून हा विषय या अंकात लिहिते आहे.

भाकरी जाड करते का?

आधी साधा हिशोब बघू. मध्यम आकाराच्या एका ज्वारीच्या भाकरीला साधारण ६० ग्रॅम पीठ लागतं. तिच्यातून २०० च्या आसपास कॅलरी, म्हणजे ऊर्जा, मिळते. ५० ग्रॅमच्या बिस्किटाच्या पुड्यातूनही जवळपास तेवढीच किंवा थोडी जास्तच मिळते. मग फरक कुठे आहे?

भाकरी चावून खावी लागते. तिच्यात तंतू म्हणजे चोथा असतो, तो पोटात टिकतो. सोबत भाजी, डाळ येते. बिस्किटात बहुतेक मैदा, साखर आणि पामतेल असतं. ते चहात बुडवलं की चावायचंही काम नाही. पुडा पाच मिनिटांत संपतो आणि तासाभरात परत भूक लागते. थोडक्यात, भाकरीएवढं खाऊनही आपण उपाशीच राहतो.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संस्थेने यावर एक प्रयोग केला. २० माणसांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं, ताज्या पदार्थांचं जेवण दिलं. दोन्ही वेळा पाहिजे तेवढं खायची मुभा होती. तयार खाण्यावर असताना माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. आपल्या हिशोबात अडीच भाकरी! त्या दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास एक किलो वाढलं आणि साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. कोणालाही उपाशी ठेवलेलं नव्हतं.

प्रक्रिया म्हणजे सगळंच वाईट का?

नाही. गिरणीतून दळण आणणं हीसुद्धा प्रक्रियाच आहे. दही लावणं, डाळ भरडणं, बिबड्या वाळवणं हीपण प्रक्रियाच. आपले कितीतरी गट बिबड्या, पापड करून विकतात, त्यांनी घाबरायचं कारण नाही. ज्वारीची बिबडी भाजली तरी ज्वारी ज्वारीच राहते. फक्त पापडात, बिबडीत मीठ असतं, म्हणून बीपीवाल्या ताईंनी एखादीवर थांबावं.

ओळखायची सोपी खूण अशी: पदार्थात जे आहे ते आपल्या चुलीजवळ सापडतं का? उडीद, शेंगदाणे, तीळ, मीठ, तेल सापडतं. पुड्यावरचे रंग, वास आणि नंबर दिलेले घटक सापडत नाहीत. अशी यादी लांब असेल तर तो पदार्थ रोजचा नाही.

पुडा मागून वाचा

पुढे गव्हाच्या ओंब्यांचं चित्र असतं, 'मल्टीग्रेन', 'डाएट' लिहिलेलं असतं. खरं मागे असतं. घटक वजनाच्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे. सगळ्यात जास्त जे घातलं ते पहिलं. पहिल्या तीनमध्ये मैदा, साखर, पामतेल दिसलं, तर पुढे काहीही लिहिलेलं असो, ते गोड बिस्किटच. अक्षर बारीक आणि बहुतेक वेळा इंग्रजीत असतं. मग शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. तिचाही अभ्यास होईल.

आपल्या घरात काय आहे?

खानदेशच्या बाईला डाएटसाठी बाहेर जायची गरजच नाही. कळण्याची भाकरी बघा. ज्वारी आणि उडीद एकत्र दळले की धान्य आणि कडधान्य दोन्ही एका घासात येतं. उडदात प्रथिनं भरपूर, म्हणून ती पोटाला धरते. वांग्याचं भरीत, पालेभाजी, फुनके, ताक हे सगळं आपलंच. फळ पाहिजे तर केळीचा जिल्हा आपला.

आणि आपण काय करतो? घरचे उडीद, शेंगा, अंडी विकतो आणि त्याच पैशातून पुडे आणतो. हे मीही माझ्या आईच्या घरी पाहिलं आहे.

दिवसाचा साधा बेत असा ठेवता येईल:

१. सकाळी कामाला निघण्याआधी एक भाकरी आणि काल भिजवलेली मटकी किंवा मूग. "मले फुरसतच भेटत नही, ताई," हे मला माहीत आहे. म्हणून रात्रीच एक भाकरी जास्त टाका. फक्त ती स्वतःसाठी बाजूला ठेवा.
२. वावरात पुड्याऐवजी मूठभर भाजलेले चणे किंवा एक केळ. शेंगदाणेही चालतील, पण मूठभरच, त्यात तेल जास्त असतं.
३. दुपारी, रात्री आधी भाजी आणि डाळ वाढून घ्या, मग भाकरी.
४. चहा मोजा. दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे म्हणजे जवळपास ५० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना सांगते, शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा. मीठ सगळं मिळून दिवसाला एक लहान चमचा.

आणि हो, घरचं म्हणजे कितीही चालतं असं नाही. तर्री आलेली शेवभाजी सणावारालाच बरी.

आधी हे तपासा

प्रत्येकीला वजन कमी करायची गरज नसते. गटात शिलाई करणाऱ्या ताईंची टेप घ्या आणि कमरेचा घेर मोजा. बाईचा घेर ८० सेंटीमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या वर असेल तर लक्ष द्यायला पाहिजे. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. अशा वेळी जेवण सोडणं म्हणजे दुखणं विकत घेणं. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं. साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील, दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आशाताई किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाण्यात मोठा बदल करू नका. गोळ्या मनाने बंद करू नका.

त्या बैठकीत शेवटी काय झालं? गटाने नाही म्हटलं नाही. अध्यक्ष ताईंनी एवढंच विचारलं, "दोन हजारात उडीद किती येतील?" सगळ्या हसल्या, त्या ताईसुद्धा. त्यांनी मागणी मागे घेतली. आता त्या सकाळी कळण्याची भाकरी खाऊन निघतात आणि कामावरून येताना पायी येतात. वजन किती उतरलं ते पुढच्या तपासणीत कळेल. पण परत चक्कर आलेली नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला एक रिकामा पुडा आणा. दशसूत्रीत आरोग्य आहेच. बचत, परतफेड झाली की दहा मिनिटं पुडे मागून वाचू. आणि त्या दिवशी घरातून निघताना जेवून या. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं नाही, आपल्या वाट्याचं.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, जामनेर