परदेशातील भाड्याची मोटार: भाव आणि हिशेब

परदेशप्रवास ही एके काळी मोजक्या भाग्यवंतांचीच गोष्ट मानली जाई. आज चित्र पालटले आहे. मुलगा जर्मनीत नोकरीला असतो, लेक आखाती देशात संसार थाटून असते, आणि निवृत्तीनंतर आईवडील पासपोर्ट काढून त्यांच्या भेटीला निघतात. लखनौच्या इंदिरानगरासारख्या मोठ्या वसाहतीत अशी कुटुंबे कितीतरी आढळतील. नोकरीच्या निमित्ताने उत्तरेत येऊन स्थिरावलेली मराठी घरेही त्यांत आहेत. तिकिटाचे पैसे जमतात, व्हिसाही मिळतो. आणि मग एक साधा प्रश्न उभा राहतो: तेथे हिंडावयाचे कसे? भाड्याची मोटार घ्यावी, तर ती परवडेल काय?

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीतील दरात शोधू नये. दिवसाला अमुक भाडे हा केवळ पहिला आकडा असतो. प्रवास संपल्यावर खिशातून एकूण किती गेले, हाच खरा भाव. हे दोन आकडे किती दूर असू शकतात, ते ठाऊक नसल्यामुळे काटकसरीने साठविलेली पुंजी ऐन सहलीत हातची जाते. म्हणून निघण्यापूर्वी घरीच कागद-पेन्सिल घेऊन बसावे, हे उत्तम.

मोटार हवीच आहे काय?

पहिला प्रश्न हाच विचारावा. मोठ्या शहरात मोटार ही सोयीपेक्षा ओझेच अधिक होते. गाडी उभी करण्याचे शुल्क भारी असते. लंडनच्या मध्यभागात शिरण्यास वेगळा आकार पडतो. इटलीतील अनेक जुन्या शहरांच्या गाभ्यात परक्या मोटारींना ठराविक वेळी बंदी असते; तेथे चुकून शिरल्यास कॅमेरा नोंद घेतो आणि दंडाचा कागद कित्येक महिन्यांनी घरी येऊन पोहोचतो. त्याखेरीज आपले नाव-पत्ता कळविल्याबद्दल मोटार कंपनी स्वतःचे शुल्क वेगळेच कापून घेते.

युरोपात आणि जपानात आगगाड्यांचे जाळे दाट आहे. जर्मनीत २०२३ सालापासून स्थानिक व प्रादेशिक गाड्यांसाठी एकच मासिक तिकीट निघाले आहे. म्हणून शहरांचे दर्शन रेल्वेने घ्यावे आणि डोंगर, खेडी वा समुद्रकिनारा पाहावयाचा असेल तेवढ्याच दोन-तीन दिवसांपुरती मोटार घ्यावी. चार-पाच माणसांचे कुटुंब असेल, बरोबर वृद्ध किंवा लहान मुले असतील, तर मात्र मोटारीचे पारडे जड होते. कारण तिकिटे माणशी लागतात आणि मोटारीचे भाडे एकच असते.

दरामागचा दर

भाड्याच्या मोटारीचा धंदा जुना आहे. १९१८ साली शिकागोत वॉल्टर जेकब्ज यांनी फोर्ड कंपनीच्या डझनभर मोटारी घेऊन तो आरंभिला. पुढे त्यातूनच हर्ट्झ ही कंपनी उभी राहिली. १९४६ मध्ये वॉरन अ‍ॅव्हिस यांनी डेट्रॉइटजवळच्या विमानतळावर आपले दुकान मांडले, आणि विमानातून उतरताच मोटार ही कल्पना रूढ झाली. ही सोय फुकट मात्र नाही. विमानतळावरील जागेचा आकार कंपनी गिऱ्हाइकाकडूनच वसूल करते. शहरातील कार्यालयातून तीच मोटार पुष्कळदा स्वस्त पडते.

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. समजा, सात दिवसांसाठी एक मोटार दररोज ३० युरोंना मिळते. म्हणजे २१० युरो. विम्याची पूर्ण जोड घेतल्यास दिवसाला २०, म्हणजे १४०. पतीबरोबर पत्नीही मोटार चालविणार, तर दुसऱ्या चालकाचे दिवसाला ८, म्हणजे ५६. विमानतळाचा आकार ४०. एकूण झाले ४४६. दुसरी मोटार दररोज ४५ युरोंची. परंतु त्यात विमा आणि दुसरा चालक अंतर्भूत. तिचे होतात ३१५. शहरातील कार्यालयापर्यंत बसने जाण्याचे १५ मिळविले, तरी ३३० भरतात. जाहिरातीत जी मोटार दीडपट महाग दिसत होती, ती हिशेबाअंती शंभराहून अधिक युरोंनी स्वस्त निघाली!

म्हणून दोन दरांची तुलना करताना पुढील बाबी दोन्हीकडे सारख्याच धराव्या: कर, विमा, दुसरा चालक, मुलाची बैठक, विमानतळाचा आकार, मोटार दुसऱ्या गावी सोडल्याचा आकार, आणि किलोमीटरची मर्यादा. इंधनाच्या बाबतीत टाकी भरलेली घ्यावी व भरूनच परत द्यावी, हा करार सर्वांत निर्मळ. आगाऊ भरलेल्या टाकीतील उरलेल्या इंधनाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

गियरची मोटार चालविण्याची सवय आपल्याकडे बहुतेकांना असते. युरोपात अशी मोटार स्वयंचलित मोटारीपेक्षा सामान्यतः स्वस्त मिळते, हा आपला एक लाभच आहे.

विमा आणि अनामत

येथे सर्वाधिक सावधगिरी हवी. विमा अंतर्भूत आहे, असे लिहिलेले असले तरी नुकसानीचा पहिला ठराविक भाग गिऱ्हाइकानेच सोसावा, असे कलम बहुधा असते. ही रक्कम हजार-दोन हजार युरोंपर्यंतही असू शकते. काचा, टायर व मोटारीचा तळ यांचे नुकसान पुष्कळदा विम्यात येतच नाही. तितक्याच रकमेची अनामत कंपनी आपल्या क्रेडिट कार्डावर राखून ठेवते. हे कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे असावे लागते. डेबिट कार्ड अनेक ठिकाणी नाकारतात. मुलाचे कार्ड आणि वडिलांचे लायसन, ही जोडी खिडकीवर चालत नाही. कार्डावर पुरेशी मर्यादा शिल्लक आहे किंवा नाही, हेही अगोदर पाहावे. भाडे भरल्यानंतर खिडकीवरून रिकाम्या हाताने परतण्याची पाळी येऊ शकते, आणि भरलेले पैसे परत मिळतीलच असे नसते.

पैसे देताना यंत्र विचारते: रुपयांत घ्यावे की तेथील चलनात? तेथील चलनच निवडावे. रुपयांत रूपांतर करून देणारा मधला दर बहुधा महाग असतो.

वयाकडेही लक्ष असू द्यावे. पंचविशीच्या आतील चालकाला जादा आकार पडतो. काही देशांत व काही कंपन्यांत सत्तर-पंचाहत्तरीनंतर मोटार देत नाहीत. निवृत्त वाचकांनी नोंदणीपूर्वीच हा नियम वाचून घ्यावा.

आंतरराष्ट्रीय परवाना

भारत हा १९४९ च्या जिनिव्हा रस्ते-वाहतूक करारातील देश आहे. त्यानुसार आपल्याकडे मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना अनेक देशांत चालतो. त्याची मुदत फार तर एक वर्ष असते, आणि तो मूळ लायसनासोबतच दाखवावा लागतो. ब्रिटनमध्ये आपले लायसन लहान मोटारीसाठी बारा महिने चालते. जर्मनीत ते सहा महिन्यांपर्यंत चालते. मात्र भाषांतर वा आंतरराष्ट्रीय परवाना जवळ हवा. जपान १९४९ च्या नमुन्याचा परवाना स्वीकारतो. चीन मात्र तो मानीत नाही.

हा परवाना आपल्या विभागाच्या परिवहन कार्यालयाकडून घ्यावा. अर्ज ‘सारथी’ या सरकारी संकेतस्थळावरून करता येतो. लखनौचे प्रादेशिक परिवहन कार्यालय ट्रान्सपोर्टनगरात आहे. इंदिरानगरच्या रहिवाशांना मेट्रोने तेथवर गाडी न बदलता जाता येते, आणि तीच मेट्रो पुढे अमौसी विमानतळापर्यंत नेते. मुन्शीपुलिया ते विमानतळ हा मार्ग मार्च २०१९ मध्ये पूर्ण झाला. विमानतळापर्यंतच्या टॅक्सीचे पैसे येथेच वाचतात! खासगी संकेतस्थळे ‘आंतरराष्ट्रीय लायसन’ या नावाने जी कार्डे विकतात, त्यांच्या मागे मात्र लागू नये. परवाना वैध नसेल तर अपघातसमयी विमा कंपनी हात वर करते, आणि मग आयुष्यभराची बचतही अपुरी पडते.

घराजवळचा परदेश

परदेश म्हटले की आपल्यापुढे विमान उभे राहते. परंतु लखनौकरांना एक परदेश मोटारीच्या टप्प्यात आहे. इंदिरानगराला लागून जाणारा फैजाबाद रस्ता बाराबंकीला पोहोचतो. तेथून एक वाट बहराइचमार्गे रुपईडिहाला, म्हणजे नेपाळगंजच्या वेशीवर जाते. अंतर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. दुसरी अयोध्या, बस्ती व गोरखपूर या बाजूने सोनौलीला जाते. ती तीनशे किलोमीटरहून अधिक. सोनौलीपलीकडे पंचवीस-तीस किलोमीटरवर लुंबिनी आहे. बुद्धांच्या जन्मस्थानी उभा असलेला अशोकस्तंभ येथेच पाहावयास मिळतो. १९९७ साली हे स्थान जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले.

लखनौहूनच टॅक्सी ठरवून सारा नेपाळ पाहावा, असा मोह होतो. येथेही हिशेब करावा. बाहेरगावच्या टॅक्सीला दिवसाला किमान अडीचशे-तीनशे किलोमीटरचे भाडे धरण्याची प्रथा आहे. आपण पोखऱ्याला दोन दिवस सरोवराकाठी बसलो, तरी उभ्या गाडीचे तितके किलोमीटर मोजले जातात. शिवाय चालकाचा रात्रभत्ता, टोल, आणि सीमेवरील भन्सार. भन्सार म्हणजे नेपाळची जकात. भारतीय मोटारीला तेथे परवाना घेऊन दिवसागणिक शुल्क भरावे लागते, आणि मुदतीपेक्षा अधिक राहिल्यास दंड बसतो. पिवळ्या पाटीच्या भाड्याच्या गाडीला परवान्यांची कटकट आणखी असते. स्वतः चालविण्यासाठी भाड्याने घेतलेल्या गाडीच्या करारात तर देशाबाहेर जाण्यास पुष्कळदा स्पष्ट मनाईच असते. आपल्या मोटार-विम्याचे क्षेत्र मुळात भारतापुरते असते. नेपाळसाठी जादा हप्ता भरून ते वाढवून घ्यावे लागते. हे न करता सीमा ओलांडणे म्हणजे विम्यावाचून डोंगर चढणे होय.

तेव्हा स्वस्त मार्ग बहुधा असा: सीमेपर्यंत रेल्वेने, बसने वा एकेरी भाड्याच्या टॅक्सीने जावे, कमानीखालून पायी पलीकडे जावे आणि नेपाळी नोंदणीची मोटार तेथील चालकासह ठरवावी. सोनौलीहून पोखऱ्यापर्यंतचा रस्ता वळणावळणाचा व घाटाचा आहे. पावसाळ्यात दरडी कोसळतात. अशा रस्त्यावर तेथील चालकाचा सराव हीच मोठी बचत. भाडे ठरविताना ते भारतीय रुपयांत की नेपाळी, हे आधी विचारावे. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये होतात. जवळ शंभराच्या नोटा बाळगाव्या. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे. पंधरा ते पासष्ट वयाच्या प्रवाशांसाठी आधार कार्ड पुरेसे मानले जात नाही. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करण्यास मात्र काही खर्च नाही!

मोटार ताब्यात घेताना

मोटार हाती येताच निघण्याची घाई करू नये. चारही बाजू, चाके, काचा, आतील आसने, किलोमीटरचा आकडा व इंधनाचा काटा यांची छायाचित्रे घ्यावी. जुना ओरखडा करारपत्रावर लिहून घ्यावा. परत देतानाही हेच करावे, आणि कार्यालय बंद असल्यास किल्ली पेटीत टाकण्यापूर्वी तर अवश्य करावे. इंधन पेट्रोल की डिझेल, हे झाकणावर वाचावे. नळीच्या रंगावर विसंबू नये: ब्रिटनमध्ये हिरवी नळी पेट्रोलची, तर अमेरिकेत ती पुष्कळदा डिझेलची असते.

ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, मॉरिशस व नेपाळ येथे वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने धावतात. युरोपचा बहुतेक भाग, अमेरिका आणि आखाती देश येथे उजव्या बाजूने. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर लगेच उजव्या बाजूने मोटार हाकणे धोक्याचे आहे. पहिली रात्र विश्रांती घ्यावी. एक दिवसाचे भाडेही त्यामुळे वाचते.

वाचकहो, काटकसर म्हणजे सर्वांत लहान आकड्यावर बोट ठेवणे असे आपण समजतो. प्रवासात तिचा अर्थ अधिक व्यापक आहे. विम्याचे कलम वाचण्यासाठी दिलेला अर्धा तास, परवान्यासाठी घातलेली एक खेप, सीमेवर चाललेली शंभर पावले यांची बेरीज भाड्यातील सवलतीपेक्षा पुष्कळदा मोठी भरते. शिवाय मोटारीत बसलेली आपली माणसे सुखरूप परत यावयाची असतात. तिकीट काढण्याच्या दिवशीच वहीचे एक पान या हिशेबासाठी राखून ठेवा. घरातील तरुणांना दर शोधू द्या, वडीलधाऱ्यांना अटी वाचू द्या, आणि एकूण आकडा सर्वांनी मिळून ठरवा.