दाढेचा फोटो काढताना

"पोटुशीनं कसला दाढेचा फोटो काढायचा? बाळाला बाधेल!"

सासूबाई एवढं म्हणाल्या आणि माझ्या धाकट्या जावेचं दवाखान्यात जाणं आठ दिवस लांबलं. पाचवा महिना होता तिला. लवंग दाढेखाली धरून झाली, लवंगेच्या तेलाचा बोळा झाला, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. नवव्या दिवशी सकाळी ती चहाला आली तेव्हा उजवा गाल टम्म सुजलेला, तोंड धड उघडेना आणि अंगात ताप. मग मात्र भाऊजींनी कुणाला न विचारता रिक्षा बोलावली. सोबत मी गेले.

दातांच्या डॉक्टर बाईच होत्या. त्यांनी आधी विचारलं, "कितवा महिना?" मग तोंड तपासलं, दाढेवर हलकेच ठोकून पाहिलं आणि म्हणाल्या, "मुळाशी काय झालंय ते वरून दिसत नाही. एक छोटा एक्स-रे लागेल. किरणांचा रोख दाढेवर असतो, पोटाकडे नाही. पण हा पू असाच राहिला तर तो मात्र तुम्हाला आणि बाळाला, दोघांनाही त्रास देईल." एकच फोटो काढला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दाढेच्या मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसला. दाढ उघडून पू काढला, तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलून गोळ्या दिल्या. त्या रात्री ती झोपली, कितीतरी रात्रींनी.

मैत्रिणींनो, सासूबाईंना तरी दोष कसा देऊ? क्ष-किरणांची भीती काही हवेतून आलेली नाही. १८९५ साली रोंटगेन यांनी हे किरण शोधले आणि वर्षभराच्या आतच दातांचे फोटो सुरू झाले. १८९६ साली जर्मनीत वाल्कहोफ नावाच्या दंतवैद्यानं स्वतःच्या दातांचा फोटो घेतला, त्यासाठी तो पंचवीस मिनिटं किरणांपुढे होता! अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचे डॉ. केल्स तर यंत्र नीट लागलंय की नाही हे पाहायला रोज आपलाच हात किरणांपुढे धरायचे. बोटं गेली, मग हात गेला. १९२८ साली दुखणं असह्य होऊन त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

पण आजचा फोटो पंचवीस मिनिटांचा नाही, सेकंदाच्या काही अंशाचा आहे. अवकाश, माती, हवा, अन्न यांतून आपल्या प्रत्येकीला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतच असतो. एका दाढेच्या छोट्या फोटोचा हिशेब साधारण ०.००५ मिलिसिव्हर्ट. म्हणजे एका दिवसात घरबसल्या मिळतो, जवळपास तेवढाच. अख्ख्या जबड्याचा, ज्याला दवाखान्यात ओपीजी म्हणतात, तो काही दिवसांइतका. दातांचा सीटी, म्हणजे सीबीसीटी, मात्र याच्या बराच पुढे जातो. तो उठसूट काढायचा नसतो.

थोडं आहे म्हणून कितीही चालेल, असं मात्र नाही. आणि इथेच डॉक्टरांची जबाबदारी सुरू होते. तोंड न तपासता, खुर्चीत बसल्या बसल्या "आधी एक्स-रे" असं म्हणणं बरोबर नव्हे. तुमच्या तोंडात काय दिसलं आणि फोटोतून काय कळायचं आहे, हे आधी ठरायला हवं. "डॉक्टर, हा कशासाठी?" असं आपण विचारलं तर त्यात उद्धटपणा काही नाही. चांगला डॉक्टर सांगतो, उलट त्याला बरंच वाटतं. दिवस गेले असतील, किंवा नुसती शंका असेल, तरी आपण होऊन सांगावं. लाजायचं काय त्यात?

दुसरी जबाबदारी फोटो एकदाच आणि नीट काढण्याची. सगळ्यात जास्त किरण वाया जातात ते "परत काढू या" मध्ये. फिल्म नीट बसली नाही, नळीचा रोख चुकला, मध्येच आपण मान हलवली, की पुन्हा काढा. फिल्म धुण्याचं औषध शिळं झालं की फोटो फिका येतो. मग औषध बदलायचं सोडून किरणांचा वेळ वाढवला जातो. (शिळ्या तेलात पुऱ्या तळून गॅसला दोष देण्यासारखंच हे!) आता पुष्कळ ठिकाणी फिल्मऐवजी सेन्सर असतो, त्याला आरव्हीजी म्हणतात. किरण कमी लागतात हे खरं, पण चित्र लगेच दिसतं म्हणून आणखी एक, आणखी एक, असा मोहही होतो.

फिल्म किंवा सेन्सर धरायला होल्डर असतो. डॉक्टरांनी किंवा त्यांच्या मदतनीस मुलीनं तो आपल्या बोटांनी धरायचा नाही. केल्ससाहेबांचा हात आठवा. तुमचा एक फोटो म्हणजे तिचे दिवसाला दहा. बटण दाबणाऱ्यानं किरणांच्या वाटेतून बाजूला, निदान दोन मीटर लांब उभं राहायचं. ती खोलीबाहेर पळाली तर "हिला भीती वाटते आणि मला इथे बसवलंय" असं मनात आणू नका.

शिशाच्या ॲप्रनचं मात्र ऐकून मला नवल वाटलं. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०२४ साली सांगितलं, की दातांच्या फोटोसाठी रुग्णाला ॲप्रन किंवा गळपट्टा घालण्याची आता गरज नाही. किरणांचा झोत हवा तेवढाच अरुंद ठेवणं जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे डॉक्टरांनी ॲप्रन दिला तर घालावा, वाद घालू नये. पण ॲप्रन आहे म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नये.

आता माझीच गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी असताना माझी खालची डावी दाढ दुखत होती. फिल्म काढली, डॉक्टरांनी उजेडात धरली आणि सुई घेऊन आले ते उजव्या बाजूला! मी तोंडातल्या कापसासकट ओरडले, "अहो, डावी!" फिल्म उलटी धरली होती. पुढे कळलं, की फिल्मवर एका कोपऱ्यात एक बारीकसा फुगीर ठिपका असतो. फोटो काढताना त्याची फुगीर बाजू किरणांकडे असते, म्हणून त्यावरून डावं-उजवं ओळखता येतं. बोट फिरवलं की लागतो. एवढासा ठिपका, पण माझी चांगली दाढ त्यावर अवलंबून होती. त्या दिवशी मी तोंड बधिर होण्याआधी बोलले म्हणून वाचले. तेव्हापासून खुर्चीत बसल्यावर दुखरी दाढ बोटानं दाखवून, वर तोंडानंही सांगते.

त्याच दवाखान्यात मी फिल्म मागितली तर "ती आमच्याकडेच राहते" असं उत्तर मिळालं. गाव बदललं, दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा सगळे फोटो काढले. पैसे गेले, किरण पुन्हा अंगावर घेतले, हकनाक. दंतवैद्यांच्या आचारसंहितेचे नियम २०१४ साली सुधारले, त्यात रुग्णाची कागदपत्रं निदान तीन वर्षं जपावीत आणि मागितल्यास द्यावीत, असं सांगितलं आहे. तेव्हा मागा. संगणकावरचा फोटो असेल तर मूळ फाईलच मागा. पडद्याचा मोबाईलवर काढलेला फोटो दुसऱ्या डॉक्टरांना फारसा उपयोगी पडत नाही.

यंत्राचंही कुणी बघणारं आहे बरं का. मुंबईत अणुशक्तीनगरला अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, १९८३ साली स्थापन झालेलं. दातांचं एक्स-रे यंत्र लहान असलं तरी त्याच्या परवानगीशिवाय चालवता येत नाही, आणि दर दोन वर्षांनी यंत्राची तपासणी करून घ्यावी लागते. परवान्याचा कागद आहे का, हे स्वागतकक्षातल्या मुलीला सहज विचारता येतं. डॉक्टरांच्या हलगर्जीमुळे नुकसान झालंच, तर फी देऊन घेतलेली सेवा म्हणून ग्राहक आयोगाकडे जाता येतं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निकाल दिला होता. मात्र तिथे पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे तीच फिल्म, जी आपण मागायला विसरतो.

धाकटीची राहिलेली दाढ नंतर सावकाश पूर्ण झाली. मुलगी झाली, साडेसहा पौंडांची. गेल्या महिन्यात सासूबाईंच्या कवळीचं निघालं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, जबड्याचा एक ओपीजी काढू या." सासूबाईंनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "कशासाठी?" बाईंनी हाडाचं सगळं समजावून सांगितलं. सासूबाई उठल्या, फोटोच्या खोलीकडे निघाल्या आणि दारातून वळून म्हणाल्या, "काढा. पण घरी नेणार हो मी तो."