परसदाराची कडी

शेलू स्टेशनावर उतरून गावात शिरले की जुन्या घरांना दोन दारे दिसतात. पुढचे दार ओटीवर उघडते. मागचे ते परसदार. रात्री पुढच्या दाराला कुलूप लागते. परसदाराची कडी कोणी लावली, हे मात्र पुष्कळदा घरात कोणालाच आठवत नाही. संगणकालाही असे परसदार असू शकते. त्याला बॅकडोअर म्हणतात. बॅकडोअर म्हणजे मागचे दारच.

आता तुम्ही म्हणाल, संगणकाला दार कुठले? सांगतो.

संगणक आपल्या मनाने काही करीत नाही. काय करायचे ते त्याला लिहून द्यावे लागते. त्या लिहून दिलेल्या हुकमांना आज्ञावली म्हणतात. हिशेबाची एक, पत्र लिहिण्याची एक. बहुतेक आज्ञावली कामाच्या असतात. पण एखादी घरभेदी निघते. ती आत येऊन गुपचूप बसते आणि इंटरनेटवरून आपल्या धन्याला हाक मारते, “मी आत आहे, काय करू?” इथे नीट लक्ष द्या. चोर दार फोडीत नाही, आतलाच कोणी कडी काढतो. बाहेरून येणाऱ्याला अडवणारा पहारा आतून बाहेर जाणारी हाक पुष्कळदा अडवीतच नाही. मग तो दूर बसलेला माणूस तुमची कागदपत्रे वाचतो. तुम्ही कोणती कळ दाबता तेही टिपतो. परवलीचे शब्द असेच जातात.

आमच्या वर्गाच्या खोलीत एक संगणक आहे. बचत गटाच्या बाया त्यावर हिशेब ठेवतात. पैसा थोडा, पण घामाचा. मागे एका पावसाळ्यात आमच्यातल्याच एकाने पेन ड्राइव्हवर हिशेबाची एक आज्ञावली आणली. एरवी ती विकत घ्यावी लागते. ही कुलूप तोडलेली, म्हणून फुकट! सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते, “आधी अँटिव्हायरस बंद करा.” अँटिव्हायरस म्हणजे संगणकाचा रखवालदार. चोराने सांगावे कुत्रा बांधून ठेवा, आणि आम्ही मुकाट्याने बांधला.

पुढे महिना सरायच्या आत इंटरनेटचा साठा संपू लागला. कोणी काम करीत नसतानाही संगणकाचा पंखा घरघरे. आम्ही म्हटले, जुने यंत्र आहे, चालायचेच. मग एक दिवस गटाच्या ई-मेलवर सूचना आली की कोणी परक्या ठिकाणाहून हे खाते उघडले आहे. बँकेची पत्रे त्याच ई-मेलवर येत. बायांचे चेहरे उतरले.

आम्ही घाईने ती फुकटची आज्ञावली पुसली आणि सुटलो म्हणून चहा घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे का झाले? घरभेद्याने आपले नाव संगणक सुरू होताच चालणाऱ्या कामांच्या यादीत घातले होते आणि आपली दुसरी प्रत भलत्याच नावाने लपवली होती. शिवाय जो एकदा आत येऊन गेला, त्याने आणखी किती कड्या काढून ठेवल्या हे कसे समजावे?

मग शहाणपणाने घेतले. पहिल्यांदा इंटरनेटची तार काढली. हाक बंद, तर धनी बहिरा. परवलीचे शब्द बदलायला आम्ही त्याच संगणकावर बसणार होतो! तसे कधी करू नका. नवा शब्दही तो टिपून घेईल. आम्ही ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदलले आणि बँकेत जाऊन कानावर घातले. पैसे गेले नव्हते. गेले असते तर लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करायचा, कारण जितका उशीर तितके पैसे परत मिळणे अवघड.

विंडोजमधल्या डिफेंडर या रखवालदाराला एक खास तपासणी येते. विंडोज जागे होण्याआधीच ती चालते, त्यामुळे चोराला लपायला कमी वाव मिळतो. ती केली, दोन वस्तू सापडल्या. तरी मन मानेना. शेवटी हिशेबाच्या फायली तेवढ्या उतरवून घेतल्या, आज्ञावली एकही घेतली नाही. मग सगळी डिस्क कोरी केली. दुसऱ्या चांगल्या संगणकावर विंडोजचा पेन ड्राइव्ह तयार करून नव्याने मांडामांड केली. दोन दिवस गेले. चार-पाच आठवड्यांच्या नोंदी बिघडल्या होत्या, त्या बायांनी त्यांच्या जुन्या वहीवरून भरल्या.

आम्ही फुकटाला भुललो म्हणून फसलो. पण सरळ मार्गाने घेतलेल्या वस्तूतूनही परसदार उघडते. २०१७ साली युक्रेन देशात एम. ई. डॉक नावाची हिशेबाची आज्ञावली घरोघर कचेऱ्यांत होती. चोरांनी ती करणाऱ्या कंपनीतच शिरून तिच्या सुधारित आवृत्तीत बॅकडोअर घातले. २७ जूनला त्या दारातून नॉटपेट्या नावाचा घातकी कार्यक्रम सुटला. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात तो पसरला, आणि आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात, त्या कंपनीच्या धक्क्याचे कामकाज ठप्प झाले. कुठे युक्रेन, कुठे न्हावा-शेवा!

मर्स्कनेही पुसत बसण्यापेक्षा नव्याने मांडणेच पत्करले. दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर पुन्हा उभे केले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ च्या जानेवारीत सांगितले. जाळ्यातल्या सगळ्या संगणकांची ओळख ठेवणारी जी मुख्य यंत्रे, ती सगळी पुसली गेली होती. एक तेवढे आफ्रिकेतल्या घानात वाचले. का, तर तिथे नेमकी वीज गेली होती आणि ते यंत्र जाळ्यापासून तुटले होते. आपल्याकडे वीज गेली की आपण शिव्या देतो.

आमच्या गटाचा हिशेब आता दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर उतरतो. मग ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात जाते. आज्ञावली विकतची घेतली, वर्गणी काढून. वही मात्र बायांनी सोडलेली नाही.