हलका बर्फ पडणार आणि थंडीही कमी होणार : काश्मीरचा अंदाज कसा वाचायचा?

हिवाळ्यात श्रीनगरच्या हवामान केंद्राकडून एक अंदाज पुन्हा पुन्हा येतो. मजकूर थोड्याफार फरकाने तोच असतो : उंच भागात तुरळक ठिकाणी हलकी बर्फवृष्टी, खोऱ्यात हलका पाऊस किंवा बर्फ, आणि रात्रीच्या तापमानात दोन-तीन अंशांची वाढ. ही खबर मोबाईलवर आली की हमखास प्रश्न येतो, बर्फ पडणार म्हणता आणि थंडी कमी होणार म्हणता, हे कसं काय? आमच्या वर्गातली मुलं विचारतात, पालकही विचारतात. आता आपल्याकडची कितीतरी कुटुंबं ऐन हिवाळ्यात वालिदैनना आणि लहान मुलांना घेऊन काश्मीरला जातात. त्यामुळे हा प्रश्न फक्त भूगोलाच्या पेपरातला राहिलेला नाही.

काश्मीरात हिवाळ्यात पाऊस-बर्फ आणतो तो पश्चिमी विक्षोभ, म्हणजे वेस्टर्न डिस्टर्बन्स. मगरिब म्हणजे पश्चिम, हे आपल्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. भूमध्य समुद्राच्या बाजूला कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि वरच्या थरातल्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान पार करत हिमालयाला धडकतात. वाटेत भूमध्य आणि कॅस्पियन समुद्राची, कधी अरबी समुद्राचीही बाष्प त्यांना मिळते. ही हवा ओलसर असते आणि कोरड्या थंड हवेच्या मानाने ऊबदारही.

ती आली की आकाश ढगांनी भरतं. जमीन दिवसा तापते आणि रात्री ती उष्णता वर सोडून देते. आकाश मोकळं असेल तर उष्णता निघून जाते, ढग असतील तर अडते. ढग म्हणजे खोऱ्यावर पांघरलेली रजईच समजा. म्हणून बर्फाच्या रात्री पारा शून्याच्या आसपास राहतो आणि निरभ्र रात्री उणे पाच-सहापर्यंत घसरतो. 21 डिसेंबर 2024 ला श्रीनगरात उणे 8.5 अंश नोंदले गेले, पन्नास वर्षांतली डिसेंबरची सर्वांत थंड रात्र. ती कोरड्या हवेतली रात्र होती, बर्फ पडतानाची नव्हे.

दिवसाचं मात्र उलटं होतं. ढगांमुळे ऊन लागत नाही, त्यामुळे दुपार जास्त गार वाटते. अंदाजात ‘किमान तापमानात वाढ’ लिहिलं असेल तर ती रात्रीची गोष्ट आहे. हे न बघता स्वेटर कमी करू नयेत!

दुसरी बाब उंचीची. दर हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. जम्मू सुमारे 300 मीटरवर, श्रीनगर जवळपास 1,600 मीटरवर आणि गुलमर्ग 2,600 मीटरच्याही वर. म्हणून एकाच दिवशी जम्मूत पाऊस, श्रीनगरात पाऊस-बर्फाची मिसळ आणि गुलमर्गला स्वच्छ बर्फ असं होऊ शकतं. आणि ‘तुरळक ठिकाणी’ याचा हवामान खात्याच्या भाषेत अर्थ त्या भागातल्या फार तर पाव केंद्रांवर. तुमच्या हॉटेलच्या खिडकीबाहेर बर्फ पडेलच, असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. टूरवाले म्हणतात, तो भाग वेगळा.

21 डिसेंबरपासून काश्मीरात चाळीस दिवसांचा चिल्लई कलान सुरू होतो. नंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. चिल्ला म्हणजे चाळीस, हा शब्द आपल्या घरांत ओळखीचा आहेच. या चाळीस दिवसांतला बर्फ थंडीमुळे टिकतो, डोंगरावर साठतो आणि उन्हाळ्यात हळूहळू वितळून झेलम आणि झऱ्यांना पाणी देतो. फेब्रुवारी-मार्चचा बर्फ लवकर वितळून जातो. म्हणून पर्यटकाला ‘हलका बर्फ, ऊबदार हवा’ ही चांगली बातमी वाटते, पण सफरचंदाच्या बागवाल्याला ती चिंतेची असते. झाडाला पुरेशी थंडी लागते. हवा लवकर तापली तर बहर लवकर येतो आणि मागाहून गारठा किंवा गारा आल्या की फुलं गळतात. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार जवळजवळ उघडे पडले होते. 2025 मध्ये तिथल्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या.

जाणाऱ्यांनी खरी काळजी बर्फ थांबल्यावर घ्यायची. ढग सरले की रजई गेली. दिवसा वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर गोठतं, त्याचा पातळ थर डांबरावर दिसतही नाही. त्या सकाळी ऊन चढल्यावरच गाडी काढावी, ड्रायव्हरला घाई करू नये.

आणि खोली तापवताना फार जपावं. कोळशाची शेगडी, गॅसचा हीटर किंवा कांगडी बंद खोलीत रात्रभर ठेवली की कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला ना वास ना रंग, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. काश्मीरात अशा मृत्यूंच्या बातम्या हिवाळ्यात येतच असतात. झोपण्याआधी शेगडी बाहेर ठेवा, खिडकीला थोडी फट ठेवा, डोकं दुखून मळमळायला लागलं तर सगळ्यांना लगेच मोकळ्या हवेत न्या. वजूच्या गार पाण्याची धास्ती असलेल्या बुजुर्गांना मात्र दिलासा आहे : तिथल्या पुष्कळ मशिदींत हमाम असतो. दगडी फरशीखाली लाकडं पेटवतात, फरशीही तापते आणि पाणीही.

या अंदाजाचा आपल्याशीही थोडा संबंध आहे. विक्षोभ पुढे सरकला की उत्तरेकडचे कोरडे गार वारे खाली उतरतात, आणि दोन-तीन दिवसांत धुळे, निफाड, परभणीचा पारा घसरू लागतो. द्राक्षबागेवाले तेव्हा पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. पुढचा विक्षोभ जवळ आला की वारा दिशा बदलतो, ढग येतात आणि आपल्याकडेही सकाळची थंडी कमी होते.