स्टेटस २४ तासांत गायब होतं, पण तोच मजकूर वर्षानुवर्षं गिऱ्हाईक कसं आणू शकतो?

२९ जून २०२०. केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. लाखो फॉलोअर्स असलेल्यांची कमाई एका रात्रीत गेली. व्हिडिओ त्यांचे होते, मेहनत त्यांची होती, पण जागा दुसऱ्याची होती.

आज तुम्ही लोणची विकत असाल, क्लासेस चालवत असाल किंवा आंब्याच्या पेट्या पाठवत असाल, तर तुमचा धंदा बहुतेक व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरच चालत असणार. स्टेटस आणि स्टोरी २४ तासांत गायब होतात. रील चार दिवस पळते, मग खाली जाते. म्हणजे रोज नवीन काहीतरी टाकत राहायचं. दमायला होणारच.

मग उपाय काय?

उपाय असा, की दरवेळी नवीन लिहिण्याऐवजी आधी लिहिलेलंच नीट मांडून स्वतःच्या वेबसाइटवर ठेवायचं. यालाच कंटेंट रिपर्पजिंग म्हणतात.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचं आहे. मार्कस शेरिडन आणि त्यांचे भागीदार तिथे फायबरग्लासचे स्विमिंग पूल बसवायचे. २००८ ची मंदी आली आणि कंपनी बुडायच्या बेतात आली. जाहिरातीला पैसे नव्हते. मग शेरिडन यांनी गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं विचारत आलेले प्रश्न काढले आणि एकेका प्रश्नाचं उत्तर वेबसाइटवर लिहायला सुरुवात केली.

पहिला प्रश्न अर्थातच, ‘पूलला खर्च किती येतो?’ तेव्हा इतर कंपन्या हे उघडपणे सांगत नव्हत्या. यांनी सांगितलं. खर्च कशामुळे वाढतो, कशामुळे कमी होतो, तेही लिहिलं. त्या एका लेखातून लाखो डॉलरची कामं मिळाली, असं शेरिडन सांगतात. कंपनी वाचली. पुढे याच अनुभवावर त्यांनी पुस्तकही लिहिलं.

गंमत म्हणजे यात नवीन काहीच नव्हतं. हीच उत्तरं ते आधी फोनवर रोज देत होते.

जुनं खरंच चालतं का?

हबस्पॉट या मार्केटिंग सॉफ्टवेअर कंपनीने २०१५ च्या सुमारास आपल्या ब्लॉगचे आकडे तपासले. महिन्याभरात जेवढं वाचलं जात होतं, त्यातलं ७६ टक्के वाचन जुन्या लेखांचं होतं. मग त्यांनी जुने लेख दुरुस्त करून पुन्हा प्रकाशित केले. त्या लेखांवर सर्चमधून येणारे वाचक सरासरी दुपटीहून जास्त झाले.

आता हे आपण कसं करायचं?

समजा, देवगडला तुमची हापूसची बाग आहे. दर सीझनला तेच प्रश्न येतात. पेटीत किती डझन? आंबा कच्चा आला तर कसा पिकवायचा? फ्रिजमध्ये ठेवायचा का? अस्सल देवगड कसा ओळखायचा?

१. व्हॉट्सॲप उघडा आणि गेल्या सीझनचे असे प्रश्न वहीत उतरवा. तुमची उत्तरं तिथेच टाइप केलेली सापडतील.

२. मोठ्या प्रश्नाला एक स्वतंत्र पान द्या. शीर्षक गिऱ्हाईक विचारतं त्याच शब्दांत ठेवा. ‘आमची वैशिष्ट्ये’ असं गुगलवर कोणी शोधत नाही.

३. रीलमध्ये जे बोललात ते लिहून काढा आणि व्हिडिओ त्याच पानावर लावा.

४. पुढच्या सीझनला नवीन पान नको. त्याच पानावर भाव आणि माहिती बदला, लिंक तीच ठेवा. फक्त तारीख बदलून जुनाच मजकूर ताजा म्हणून दाखवू नका.

५. मग त्या पानातले चार मुद्दे घेऊन स्टेटस टाका आणि खाली लिंक द्या. सोशल मीडिया सोडायचा नाही, त्याने लोकांना तुमच्या घरी आणायचं.

कोणतं पान कोणत्या शब्दांनी शोधलं जातं, हे गुगलचं सर्च कन्सोल फुकट दाखवतं.

एक सावधानता

एकच लेख शब्द फिरवून वीस पानांवर टाकणं म्हणजे रिपर्पजिंग नव्हे. केवळ सर्चमध्ये वर येण्यासाठी अशी ढीगभर पानं काढणं गुगलच्या नियमांत बसत नाही. २०२४ मध्ये हे नियम आणखी कडक झाले.

शिवाय आता अनेक प्रश्नांना गुगल स्वतःच एआयचं उत्तर वर दाखवतं. त्यामुळे कुठेही मिळेल अशी माहिती वाचायला कोणी तुमच्या पानावर कशाला येईल? तुमच्या बागेचे फोटो, तुमचा भाव, ‘यंदा फळ उशिरा येणार’ हा तुमचा अंदाज, हे मात्र तुमच्याकडेच मिळेल.

एवढं करूनही पहिल्या आठवड्यात गर्दी होणार नाही. सर्चमध्ये जम बसायला महिने जातात. पण उद्या एखादं ॲप बंद पडलं किंवा अकाउंट ब्लॉक झालं, तरी धंद्याचा पत्ता तुमच्याच हातात राहील.

त्यामुळे आज नवीन पोस्ट सुचत नसेल तर जुने मेसेज चाळा. एवढ्यात पाच जणांनी विचारलेला प्रश्न सापडला, तर तुमचं पहिलं पान तेच.